गाडी विका म्हणणाऱ्यांना

अपघातातून उठलेल्या माणसाने पुन्हा मोटरसायकलवर बसू नये, आणि गाडीत फेरफार करून तर मुळीच बसू नये, हे मत आपल्याकडे इतक्या सहज मांडलं जातं की त्याला कोणी हटकतही नाही. घरात ते काळजी म्हणून बोललं जातं, दवाखान्यात सल्ला म्हणून, आरटीओच्या खिडकीवर नियम म्हणून आणि रस्ता सुरक्षेच्या व्यासपीठावर शहाणपण म्हणून. बोलणारी माणसं बहुधा भली असतात. म्हणूनच त्यांना उत्तर देताना हात राखून चालणार नाही. हे मत चुकीचं आहे, त्याने कामाच्या माणसांना घरी बसवलं आहे, आणि ज्या सुरक्षिततेचं नाव ते घेतं तिलाच ते मारक आहे.

माझ्याबद्दल लागेल तेवढंच सांगतो. मी गुरांचा डॉक्टर. पाटण तालुक्यात कोयनेच्या दोन्ही अंगांना डोंगरावर ज्या वाड्या आहेत, तिथे गाय अडली की रात्रीबेरात्री जावं लागतं. कराड-चिपळूण रस्त्यावर उलट्या बाजूने आलेल्या टेम्पोने मला उडवलं आणि डावा घोटा चिरडला गेला. पुढे तो शस्त्रक्रियेने कायमचा जाम करावा लागला. प्लेट आणि स्क्रू घालून हाडं एकमेकांत जुळवली. दुखणं थांबलं, पाय वजन पेलतो, मी चालतो, गोठ्यात उकिडवाही बसतो. पाऊल मात्र घोट्यातून वर-खाली होत नाही. मोटरसायकलचा गिअर डाव्या चवड्याने टाकायचा असतो. तेव्हा "आता गाडी विका" हे मला सगळ्या दिशांनी ऐकावं लागलं, आणि गाडी न विकता बदलून घेतली तेव्हा त्याहून जास्त ऐकावं लागलं.

त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आकड्यांचा आहे, म्हणून तोच आधी घेतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरातली जवळजवळ ४५. हे आकडे दाखवून मला विचारतात, एवढं दिसत असताना पुन्हा त्याच वाहनावर बसायचं? पण हे आकडे धडधाकट माणसांनाही लागू आहेत, किंबहुना त्यांतले बहुतेक धडधाकटच होते. त्यांना कोणी गाडी विकायला सांगत नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे: त्या वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार मेले, त्यात चालवणारे ३५,६९२. मला उपदेश करायला आलेल्यांपैकी कितीतरी जण बोडक्या डोक्याने गाडीवरून आले आणि तसेच परत गेले. दुचाकीचा धोका खरा आहे. तो वेग, दारू, उलट्या बाजूने येणारी वाहनं, खड्डे आणि बोडकी डोकी यांतून येतो. जाम घोट्याला जुळवून घेतलेल्या लिव्हरमधून तो येतो, असं या आकड्यांतून कोणालाही काढता येणार नाही.

आता यापेक्षा महत्त्वाची गोष्ट. "गाडी विका" म्हणणारे असं धरून चालतात की माणसापुढे दोनच वाटा आहेत: चालवणं आणि न चालवणं. शहरात, जिथे दाराशी रिक्षा येते, तिथे हे थोडंफार खरं असेल. डोंगरातल्या वाडीला दिवसातून एखाददोन वेळा एसटी येते. पावसाळ्यात दरड आली की तीही येत नाही. दूध डेअरीला घालणारा, अंगणवाडीची ताई, विमा एजंट, वायरमन, शाळेचा शिपाई, यांचं काम दुचाकीवर उभं आहे. यांतल्या कोणाचा गुडघा किंवा मनगट अधू झालं आणि सगळ्यांनी मिळून "आता बंद" असं सांगितलं, तर काय होतं ते मी गावोगावी पाहतो. काही महिने तो घरी बसतो. मग पैसे संपतात. मग तो पूर्वीचीच गाडी, पूर्वीच्याच लिव्हर-पेडलसकट, न वळणारा पाय घेऊन चालवू लागतो. दुसऱ्याच गिअरवर सगळा रस्ता काढतो, कारण तिसरा टाकायला चवडा उचलत नाही. मागचा ब्रेक दाबायला उशीर होतो म्हणून पाय जमिनीवर घासत थांबतो. हे सगळं चोरून, कोणाला न विचारता, कारण विचारलं तर "बंद" हेच उत्तर येणार हे त्याला ठाऊक असतं. खरी निवड बदललेली गाडी आणि न बदललेली गाडी यांच्यात आहे. तुम्ही बदललेल्या गाडीला विरोध करता तेव्हा नकळत न बदललेल्या गाडीच्या बाजूने उभे राहता.

"फेरफार" म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे काय येतं याची मला कल्पना आहे. फटाके काढणारं सायलेन्सर, तिरकी नंबरप्लेट, डोळे दिपवणारे दिवे. पोलीस असली सायलेन्सर जप्त करून चौकात रोडरोलरखाली चिरडतात, ते योग्यच करतात. पण त्या आवाजाचा राग माझ्या गिअर लिव्हरवर काढू नका.

माझ्या गाडीत काय बदललं ते तपशिलाने सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांनी हे कधी विचारलेलंच नसतं. गिअर चढवायला चवडा लिव्हरखाली सरकवून वर उचलावा लागतो. माझा घोटा उचलत नाही; उचलायचं तर मांडीपासून सगळा पाय वर घ्यावा लागतो आणि वळणावर तसं केलं की अंगाचा तोल हलतो. यावर उपाय नवा नाही. आपल्याकडच्या कितीतरी साध्या गाड्यांना पुढे-मागे दोन पात्यांचा लिव्हर कंपनीतूनच येतो: पुढचं पातं चवड्याने दाबायचं, मागचं टाचेने. दोन्ही वेळा दाबायचंच असतं, उचलायचं कधीच नसतं. दाबणं मांडीच्या जोरावर होतं, त्याला घोटा लागत नाही. माझ्या गाडीला एकाच पात्याचा लिव्हर होता, तो काढून दोन पात्यांचा बसवला. मागचं पातं लेथवाल्याकडून रुंद करून घेतलं. गिअरच्या शाफ्टवर बारीक दाते असतात. दहा नंबरच्या पान्याने बोल्ट सैल करून लिव्हर एक दाता खाली घेतला की पायाखालची उंची बदलते. ही एक दात्याची गोष्ट कुठलाही मिस्त्री चहा थंड व्हायच्या आत करून देतो, आणि तिने माझा निम्मा प्रश्न सोडवला.

उरलेला निम्मा थांबण्याचा होता. आपले रस्ते कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालतो, म्हणून थांबताना डावी बाजू खोल असते आणि बहुतेक जण डावाच पाय टेकवतात. मला उजवा टेकवावा लागतो. उजवा पाय जमिनीवर आला की मागच्या ब्रेकवर पाय राहत नाही, चढावर गाडी मागे सरकू लागते. तेव्हा पुढचा ब्रेक हाताने धरून ठेवायची सवय पक्की करावी लागली आणि त्यासाठी पुढच्या ब्रेकचा लिव्हर बोटांच्या जवळ आणून घेतला. सीटचा फोम दोन बोटं कमी केला, म्हणजे उजवा तळवा पूर्ण टेकतो. साइड स्टँडला लांब कान लावला, तो आता टाचेने खाली येतो. चॅसिस कापली नाही, हँडलच्या मुळाशी वेल्डिंग केलं नाही, ब्रेकच्या नळीला हात लावला नाही. आणि जिथे वजन येतं त्या लिव्हरला वेल्डिंगचा जोड द्यायला मी ठाम नकार दिला, कारण असा जोड घाटात तुटतो. पान्याने काढता येईल आणि पान्याने परत बसवता येईल एवढंच केलं. हे धोकादायक आहे असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी यातली कुठली गोष्ट धोकादायक आहे ते बोट ठेवून दाखवावं.

"कंपनीचे इंजिनिअर मूर्ख आहेत का? त्यांनी जे जिथे दिलं ते विचार करूनच दिलं असेल," असंही सांगतात. इंजिनिअरांविषयी मला पूर्ण आदर आहे. पण गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला, ही मांडणी केवळ सोयीसाठी ठरलेली आहे. ज्यांच्या घरी बजाज चेतक किंवा प्रिया होती त्यांना आठवेल, त्या स्कूटरचा गिअर डाव्या हाताच्या मुठीत होता. क्लच दाबून मूठ फिरवली की गिअर पडायचा. तो पायाने टाकावा असं कोणाला कधी वाटलं नाही. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या. अमेरिकेने १९७० च्या दशकात नियम करून गिअर डाव्या पायाला आणला, हळूहळू सगळं जग त्याच बाजूला गेलं. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी मोटरसायकलींना तर टाकीशेजारी दांडा असे आणि गिअर हाताने टाकत. हात, उजवा पाय, डावा पाय, तिन्ही तऱ्हांनी माणसांनी हजारो मैल गाड्या चालवल्या आहेत.

आपल्याकडची गाडी तर आधीपासूनच आपल्या अंगाला बेतलेली आहे. साडी नेसलेली बाई मागे एका अंगाला बसते, तिचा पदर चाकात जातो, म्हणून मागचं चाक निदान निम्मं झाकणारं साडीगार्ड आलं, आणि केंद्रीय मोटर वाहन नियमांनी ते सक्तीचं केलं. म्हणजे बसणाऱ्याचं अंग आणि कपडे पाहून यंत्र बदलायचं, हे तत्त्व सरकारने केव्हाच मान्य केलेलं आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना पुढचा-मागचा ब्रेक जोडून देणं किंवा एबीएस बसवणं सक्तीचं झालं. गिअर नसलेल्या स्कूटरवर एका डाव्या हाताच्या लिव्हरने दोन्ही चाकांचे ब्रेक लागतात, लाखो माणसं रोज लावतात. मग उजवा पाय गमावलेल्या माणसाने मोटरसायकलचा मागचा ब्रेक हातावर घेतला तर ती अघोरी गोष्ट कशी होते? डावखुऱ्या माणसाला लोहार विळा उलट्या धारेचा घडवून देतो, तेव्हा त्याने शेती सोडावी असं गावात कोणी म्हणत नाही.

या संदर्भात मिक डूहानची गोष्ट मोटरसायकलवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावी. १९९२ साली हा ऑस्ट्रेलियन ५०० सीसीच्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांच्या बराच पुढे होता. नेदरलँड्समधल्या आसेनला सरावात तो पडला, उजवा पाय मोडला, उपचारात गुंतागुंत झाली आणि पाय कापण्याची वेळ आली. इटलीचे डॉक्टर क्लाउदिओ कोस्टा यांनी त्याला तिथून हलवलं आणि दोन्ही पाय एकमेकांना शिवून रक्तपुरवठा टिकवला. पाय वाचला, पण उजव्या घोट्यात पूर्वीची हालचाल आली नाही. मागच्या ब्रेकचं पेडल, विशेषतः उजव्या वळणावर झुकलेलं असताना, त्याला दाबता येईना. तेव्हा डाव्या हँडलवर अंगठ्याने दाबायचा मागचा ब्रेक त्याच्यासाठी बनवला गेला. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षं डूहान जगज्जेता झाला. आज ज्यांचे दोन्ही पाय ठणठणीत आहेत असे मोटोजीपीचे स्वारही अंगठ्याचा ब्रेक आपणहून लावून घेतात, कारण झुकलेल्या गाडीवर तो जास्त नेमका लागतो. एका अधू घोट्यासाठी शोधलेला बदल साऱ्या खेळाच्या उपयोगी पडला. १९९२ चं जगज्जेतेपद ज्या वेन रेनीने डूहानपेक्षा चार गुणांनी अधिक मिळवून जिंकलं, तो पुढच्याच वर्षी इटलीतल्या मिसानोला पडला आणि छातीखालून लुळा झाला. २०२२ साली इंग्लंडमधल्या गुडवुडला तो आपल्या १९९२ च्या यामाहावर पुन्हा बसला. गिअर हँडलवर आणलेला होता.

हे शर्यतीचे लोक, त्यांच्यामागे कारखाने उभे, आपला काय संबंध, असं कोणी म्हणेल. संबंध आहे. कारखान्याने जे त्यांना दिलं, ते तत्त्व म्हणून अगदी साधं आहे: पेडलची केबल किंवा नळी दुसऱ्या लिव्हरला जोडणं. दुचाकीच्या देशात, आणि त्यातही पुण्याच्या चाकण-आकुर्डीत दुचाकींचे कारखाने असलेल्या राज्यात, हे कोणाला जमू नये? शोरूमच्या ॲक्सेसरींच्या भिंतीवर टाकीची कव्हरं, क्रॅशगार्ड, मोबाइल अडकवायचे चिमटे मिळतात. एका हाताच्या किंवा एका पायाच्या माणसासाठी तयार, तपासलेला, गॅरंटी असलेला लिव्हर मी जितक्या ठिकाणी मागितला तिथे मिळाला नाही. तो न मिळाल्यामुळे माणूस भंगारातला लिव्हर कापून जोडतो. मग तेच तुटकं काम दाखवून आम्हाला सांगितलं जातं, पाहा, फेरफार किती धोक्याचा.

कायद्याकडे येतो. "कायद्यात बसत नाही" हे वाक्य ऐकून पुष्कळ जण मागे फिरतात आणि कायदा काय आहे ते कोणी सांगत नाही. मोटर वाहन कायदा, १९८८, कलम ५२ म्हणतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या एका प्रकरणात हे कडकपणे मांडलं. त्याच वर्षी संसदेने कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि कलम १८२अ नव्या रूपात आलं. बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच दुरुस्तीने कलम ५२ मध्ये नवं दुसरं उपकलम घातलं: पहिल्या उपकलमात काहीही असलं तरी कोणीही व्यक्ती नोंदणी अधिकाऱ्याच्या नंतरच्या मंजुरीने आपलं वाहन अपंगत्वाला अनुरूप असं बदलून घेऊ शकते; केंद्राने घातलेल्या अटी पाळल्या म्हणजे झालं. म्हणजे ज्या कलमाचा धाक दाखवला जातो, त्याच कलमात आमच्यासाठी दार ठेवलेलं आहे. मंजुरी आधी आणा असंही कायदा म्हणत नाही, नंतर घ्या म्हणतो. आणि याला आधार शारीरिक दोष किंवा अपंगत्व एवढाच आहे. अशा वाहनाच्या व्याख्येत टक्केवारी नाही. तरीही एका कार्यालयात मला पहिला प्रश्न आला तो चाळीस टक्क्यांच्या दाखल्याचा. चाळीस टक्के ही सवलती आणि आरक्षणासाठी लागणारी पायरी आहे. जाम घोट्याच्या, दोन बोटं गेलेल्या, मनगट न वळणाऱ्या कित्येकांना एवढी टक्केवारी मिळणार नाही. गाडी त्यांना बदलून लागतेच.

२०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा त्याच्याही पुढे जातो. त्याच्या ४१ व्या कलमात, परवडेल अशा खर्चात वैयक्तिक हिंडण्याफिरण्याला चालना देणाऱ्या योजना सरकारने आखाव्यात असं सांगून त्यात वाहनांत बदल करून देण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत केला आहे. विम्याच्या २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये अशा खास बदललेल्या गाड्यांना, नोंदणी पुस्तकात नोंद असेल तर, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के सूट ठेवलेली होती. सरकार, संसद, विमा, तिघांनीही ही गोष्ट अनेक वर्षांपूर्वी स्वीकारली आहे. खिडकीवरच्या माणसापर्यंत ती पोचलेली नाही, आणि तो न पोचलेला भाग नियम म्हणून आमच्या माथी मारला जातो.

कायद्यात एक अडचण खरोखर आहे आणि ती मी लपवत नाही. अशी गाडी त्या व्यक्तीनेच किंवा तिच्यासाठीच वापरावी, अशी व्याख्या आहे. एका घरात एकच गाडी असते, ती मुलगाही नेतो. पान्याने लावता-काढता येणाऱ्या लिव्हरसाठी गाडीचं नावगाव बदलण्याची काही गरज नाही. नोंदणी पुस्तकात इंजिन आणि चॅसिसचा नंबर, सीसी, रंग, वजन, आसनं असतात, लिव्हर कुठल्या दात्यावर आहे ते नसतं. जिथे ब्रेक पायावरून हातावर आणला, जादा चाकं लावली, तिथे नोंद अवश्य व्हावी.

जादा चाकांचा विषय निघालाच आहे. कार्यालयांना आमच्यासाठी एकच नमुना माहीत आहे, दोन्ही बाजूंना चाकं लावलेली स्कूटर. ज्यांना उभी गाडी पायांवर पेलत नाही त्यांना तिने स्वातंत्र्य दिलं, ते मी रोज पाहतो. पण दुचाकी वळताना झुकते आणि झुकल्यामुळेच वळते. बाजूची चाकं तिला झुकू देत नाहीत. उतरत्या कडेला, एकाच बाजूच्या खड्ड्यात, वेगात घेतलेल्या वळणात ती गाडीला ढकलतात. जो माणूस तोल नीट सांभाळतो त्याच्या गाडीला ती सक्तीने लावणं म्हणजे त्याला आहे त्यापेक्षा असुरक्षित करणं आहे. गिअर नसलेल्या स्कूटरचंही तसंच. शहरातल्या डांबरी रस्त्यावर, विशेषतः डावा पाय अधू असेल तर, तिच्यासारखं वाहन नाही. ती घ्या असं मी स्वतः कित्येकांना सांगतो. तिची चाकं दहा किंवा बारा इंचांची असतात, मोटरसायकलची सतरा-अठरा. पावसाळ्यातल्या आमच्या रस्त्यावर जो खड्डा मोठं चाक ओलांडून जातं, त्यात छोटं चाक आत जाऊन अडकतं. कोणाला काय योग्य हे पाय, रस्ता आणि काम पाहून ठरवायचं असतं, एका फटक्यात सगळ्यांसाठी नाही.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. "तुमचा जीव तुमचा, पण रस्त्यावर इतर माणसंही असतात." बरोबर आहे. माझ्या हौसेसाठी दुसऱ्याच्या मुलाचा जीव धोक्यात घालायचा मला अधिकार नाही. म्हणून माझी मागणी सवलतीची नाही. माझी परीक्षा घ्या, आणि इतरांपेक्षा कडक घ्या. आरटीओत आठच्या आकड्याचा ट्रॅक असतो, त्यावर मी फिरून दाखवीन. पण तेवढ्यावर सोडू नका. ठरलेल्या वेगातून खुणेवर गाडी थांबवून दाखवायला सांगा. चढावर थांबवून पुन्हा उचलायला सांगा. डाव्या बाजूला उतार असलेल्या जागी उभं करा. अंधारात, ओल्या रस्त्यावर घ्या. यात मी नापास झालो तर लायसन्स देऊ नका, मी एक शब्द बोलणार नाही. पास झालो तर मात्र माझ्या चालण्याकडे पाहून निर्णय फिरवू नका. इतरांच्या जिवाची काळजी म्हणजे हीच: मोजणं, तपासणं, पुन्हा तपासणं. न पाहता नाही म्हणण्यात कोणाचाही जीव वाचत नाही, कारण नाही म्हटलेला माणूस तपासणीविना रस्त्यावर येतोच.

ही तपासणी कोणी करायची? डॉक्टरांनी सुरुवात करावी. "आता गाडी नको" हे तीन शब्दांत सांगून होतं. घोटा किती वळतो, मुठीत जोर किती, एका पायावर किती वेळ गाडी पेलता येईल, हे मोजायला वेळ लागतो. हे मोजणारे लोक राज्यात आहेत. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. युद्धात पाय गमावलेल्यांना तिथे पुन्हा कामाला लावलं गेलं. फिजिओथेरपिस्ट आता तालुक्याच्या गावी भेटतात. हे मोजून एक कागद लिहितील, आरटीओ तो वाचून परीक्षा घेईल, गॅरेजवाला त्याप्रमाणे लिव्हर लावील, एवढा धागा कोणी जोडलेला नाही. मला अधिक राग या न जोडलेल्या धाग्याचा आहे. सल्ला देणारी माणसं पुष्कळ भेटली. पाय हातात घेऊन गाडीशेजारी उभं राहणारा एक फिजिओ भेटला आणि एक मिस्त्री.

इथवर मी कामाचं बोललो. गाय अडली म्हणून जावं लागतं, एसटी येत नाही, पोट आहे. हे ऐकून काही जण नरमतात: "कामासाठी असेल तर ठीक, पण हौसेसाठी कशाला?" ही सूट मला नको. मोटरसायकल चालवायला मला आवडते. कुंभार्ली घाटात सकाळी धुकं असताना वळणामागून वळण घेणं मला आवडतं, आणि घोटा जाम झाल्यावर ते कमी आवडायला लागलेलं नाही. धडधाकट माणसाला त्याच्या आवडीचं कारण द्यावं लागत नाही. तो रविवारी उठून कोकणात जातो. जखमी झालेल्या माणसाने मात्र आपल्या प्रत्येक हालचालीचं कारण दाखवावं आणि ते कारण उपयुक्त असावं, ही अपेक्षा अन्यायाची आहे. जखमेने त्याचा घोटा नेला आहे. त्याची आवड नेण्याचा अधिकार शेजाऱ्यांना कोणी दिला?

घरच्यांविषयी वेगळं बोलायला हवं, कारण त्यांचं बोलणं भीतीतून येतं आणि ती भीती खरी आहे. ज्या आईने मुलाला रक्तात पाहिलं, ज्या बायकोने महिनोन् महिने उशाशी बेडपॅन ठेवलं, तिला "तुम्हाला कळत नाही" असं कोणी म्हणू नये. माझ्या घरी मी वाद घातला नाही. गाडी अंगणात उभी करून कुठला लिव्हर का बदलला ते एकेक करून दाखवलं, सौभाग्यवतींना मागे बसवून आधी मोकळ्या मैदानात आणि मग गावच्या रस्त्यावर नेलं, आणि रात्रीच्या फेरीला निघताना पोचल्याचा फोन करायचं कबूल केलं, ते आजतागायत पाळतो. त्यांची भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण ती आता त्यांना माहीत असलेल्या गाडीविषयी आहे.

परिवहन विभागाला माझी विनंती आहे की कलम ५२ चं दुसरं उपकलम मराठीत छापून प्रत्येक आरटीओच्या फलकावर लावावं, त्याखाली अर्ज कोणाकडे द्यायचा त्याचं टेबल लिहावं आणि चाळीस टक्क्यांचा दाखला मागणं थांबवावं. कंपन्यांनी निदान एका गाडीसाठी हातावरचा मागचा ब्रेक आणि टाचेचा गिअर लिव्हर तपासून, गॅरंटी देऊन विकायला ठेवावा. गॅरेजवाल्यांनी असं काम आलं तर वजनाच्या जागी वेल्डिंग मारू नये, कितीही आग्रह झाला तरी. आणि तुमच्या घरात, गावात कोणी कुबड्या सोडून पुन्हा गाडीकडे पाहू लागला असेल, तर ती केव्हा विकतोस असं त्याला विचारू नका. कुठला लिव्हर पोचत नाही ते विचारा आणि त्याच्याबरोबर मिस्त्रीकडे जा.